समोरच्यांची गार गाडी

कडी वाजली.

तशी ती काही मोठ्याने वाजली नाही. समोरच्या घराची कडी ती, वेळच्या वेळी तेल मिळणारी, सुसंस्कृत. ती वाजते म्हणजे जेमतेम खाकरते. पण भर दुपारी, सगळी इमारत पंख्याखाली निपचित पडलेली असताना आणि धाकट्याने हरतऱ्हेची नाटकं करून अखेर आईच्या दंडावर मान टाकलेली असताना, तेवढं खाकरणंही पुरतं. धाकट्याच्या पापण्या हलल्या. तिने श्वास रोखला. पापण्या पुन्हा मिटल्या. आणि मग खालून, अंगणातून आवाज आला: टुक-टुक.

धाकट्याने दोन्ही डोळे उघडले आणि हा सगळा कट तिचाच आहे अशा नजरेने तिच्याकडे बघितलं.

त्याला खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. जायचं काही कारण नव्हतं. खाली काय दिसणार ते तिला पाठ होतं. पण हात जसा खपलीवर जातो तसे पाय रोज या वेळेला त्या खिडकीकडे जात.

खाली उन्हात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक त्यांची, जुनी, विटकरी, मागच्या बंपरला एका खांबाची आठवण असलेली. दुसरी समोरच्या वहिनींची, पांढरी. पांढरीत कोणीही नव्हतं आणि तरी तिचं इंजिन चालू होतं. वहिनी अजून जिन्यातच होत्या. त्यांनी चालता चालता, पर्समधून हातही बाहेर न काढता एक बटण दाबलं होतं आणि त्या खाली पोचेपर्यंत आत गारवा तयार होणार होता. मग त्या सावकाश दार उघडणार, पदर-बिदर काही न सावरता बसणार आणि शाळेत जाऊन दोन मुलं घेऊन येणार. एक त्यांचा मुलगा. दुसरी हिची मुलगी.

हिची मुलगी म्हणजे मोठी. मोठी पाच वर्षांची होती. धाकटा जन्माला आला त्या दिवशी तिला ही बढती मिळाली, आणि बढतीबरोबर जे होतं तेच झालं: काम वाढलं, विचारपूस कमी झाली.

व्यवस्था वहिनींनीच सुचवली होती. दुपारी शाळा सुटते तेव्हा विटकरी गाडी नुसती भट्टी झालेली असायची. धाकट्याला आत ठेवलं की तो पहिल्या वळणापर्यंत लाल आणि दुसऱ्या वळणापर्यंत जांभळा व्हायचा. वहिनींनी एकदा ते बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा जिवाला कशाला उन्हात काढता? मी जातेच आहे. हिला मी आणत जाईन." त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं. कृतज्ञता ही मोठी चांगली गोष्ट आहे, फक्त ती फार दिवस ठेवली की तिला वास यायला लागतो.

आधी तिच्या लक्षातच आलं नाही. मोठी घरी यायची, बूट काढायची, पाणी प्यायची. आई विचारायची, "आज काय काय झालं शाळेत?"

"सांगितलं ना."

"कधी सांगितलंस?"

"काकूंना सांगितलं. गाडीत."

"मग मलाही सांग की."

मोठीने जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "आता संपलं."

संपलं. म्हणजे कोण कोणाला काय बोललं, बाई कशावरून हसल्या, कोणाच्या डब्यात मुंगी निघाली, हा सगळा ताजा माल शाळेच्या फाटकापासून इमारतीच्या फाटकापर्यंत एसीच्या गारव्यात वाटून संपायचा, आणि घरी यायची ती रिकामी पिशवी. पूर्वी हाच माल तिला मिळायचा. भट्टीत का होईना, घामाने थबथबून का होईना, पण पहिल्या हाताचा.

आणि मग एका आठवड्यात दाताचं झालं. जिन्यात वहिनी भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "हिचा खालचा दात हलायला लागलाय, बघितलंत का? फार गोड सांगत होती."

"हो तर," ती म्हणाली. "बघितला ना."

तिने बघितला नव्हता. घरात येऊन तिने मोठीला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. दात हलत होता. पोटच्या पोरीचा पहिला दात हलतो आणि आईला ते समोरच्या घरातून कळतं. तिने मोठीचा पापा घेतला, फार छान हलतोय म्हणून सांगितलं आणि मग भांडी घासायला गेली, ती जरा जास्तच आवाज करत.

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला.

"आपल्या गाडीला ते बसवून घेऊया का रे? रिमोट स्टार्टर."

"कशाला?" नवरा म्हणाला.

"धाकट्याला घामोळं येतं."

हे खोटं नव्हतं. धाकट्याला घामोळं येत होतंच. त्याला सर्दीही होत होती, पण तिचा इथे उपयोग नव्हता.

नवरा तसा साधा माणूस. त्याला हेवा-असूया कळत नसे. त्याला एकच वेड, ते म्हणजे नीटपणाचं. घरातल्या चार्जरच्या वायरी तो अशा गुंडाळायचा की त्या उलगडायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागे. कपाटात त्याचे मोजे शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे असत. त्यामुळे स्टार्टर बसवायचा की नाही यावर त्याने फार डोकं लावलंच नाही. त्याने लगेच पुढची पायरी गाठली. "बसवायचा तर नीट बसवायचा. एक वायर बाहेर दिसता कामा नये. लोक कसंही लोंबतं ठेवतात."

"एकही दिसायला नको," ती म्हणाली. तिला वायरींशी काही देणंघेणं नव्हतं. तिला शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता परत हवा होता.

वायरमनचं दुकान म्हणजे पत्र्याखाली एक गाडी मावेल एवढी जागा आणि तिच्यात कायम दोन गाड्या. त्याच्या तोंडात एकच वाक्य होतं, "होऊन जाईल." ते तो "नमस्कार"च्या जागीही वापरायचा.

"होऊन जाईल ताई. गाडी ऑटोमॅटिक ना?"

"नाही. गिअरची."

रिपोर्ट वाचून डॉक्टर चष्मा काढतात तशी वायरमनने कानावरची पेन्सिल काढली.

"मग जरा भानगड आहे," तो म्हणाला. "समजा तुम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून गेलात आणि वरून बटण दाबलं. गाडी उडी मारणार. समोर भिंत असेल तर भिंत, माणूस असेल तर माणूस. म्हणून गिअरच्या गाडीला शिस्त लावावी लागते. गाडी उभी केली की इंजिन चालूच ठेवायचं. न्यूट्रल करायचं, हॅन्डब्रेक ओढायचा, रिमोट दाबायचा, चावी काढायची. इंजिन चालूच राहील, घाबरायचं नाही. सगळ्यांनी उतरायचं, दारं लावायची. मग बाहेरून बटण दाबलं की इंजिन बंद. आता गाडीला माहीत, की आपण न्यूट्रलमध्ये आहोत आणि आत कोणी नाही. आता ती बटणाने चालू होणार."

"एवढंच ना," नवरा म्हणाला. त्याला पायऱ्या असलेली कुठलीही गोष्ट आवडायची.

"एवढंच. फक्त त्यानंतर दार उघडायचं नाही. कुठलंच. डिकीसुद्धा नाही. उघडलं की ती सगळं विसरते, मग बटणाने चालू होत नाही."

"का?"

"आत जाऊन कोणी गिअर टाकला नसेल कशावरून? संशयी आहे ती," वायरमन म्हणाला.

तिला पहिल्यांदाच त्या यंत्राबद्दल आपलेपणा वाटला.

"आणि एक. गाडी आपली चावी ओळखते. चावी जवळ नसेल तर चालू होत नाही. म्हणून तुमच्या दोन चाव्यांतली एक मला द्यायची. ती मी डॅशबोर्डच्या आत कायमची बांधून टाकणार. गाडीच्या पोटात."

नवऱ्याचा चेहरा उतरला. दुसरी चावी घरात दाराजवळच्या खिळ्यावर असायची, तिच्या स्वतःच्या खिळ्यावर. पण नीटपणासाठी माणसाला त्याग करावा लागतो. त्याने चावी दिली.

काम त्या दिवशी संपणार होतं. ते त्या दिवशी संपलं नाही, कारण नवरा तिथे थांबला. वायरमन वायर जोडायचा आणि नवरा ती जुळी असल्यासारखी दुसऱ्या वायरीशेजारी झोपवून वर काळी कापडी पट्टी गुंडाळायचा. वायरमन म्हणायचा, साहेब, आधी चालू तर होऊ दे. नवरा म्हणायचा, चालू काय कधीही होईल, एकदा बंद केलं की आतलं कोण बघणार आहे, म्हणून आत्ताच नीट झालं पाहिजे. या वाक्याचा अर्थ वायरमनने बराच वेळ लावून बघितला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं. एकही वायर दिसत नव्हती. नवऱ्याने मान तिरकी करून डॅशबोर्डखाली बघितलं आणि पाळण्यातल्या बाळाकडे बघून हसतात तसा हसला. वायरमनने बटण दाबलं.

गाडीचे वायपर सुरू झाले.

इंजिन गप्प. काच कोरडी. वायपर कर्र कर्र करत इकडून तिकडे, तिकडून इकडे. बटण पुन्हा दाबलं तेव्हा ते थांबले आणि मागचा दिवा लागला.

"होऊन जाईल," वायरमन म्हणाला, पण आता त्याचा आवाज बारीक झाला होता. आत सगळ्या वायरी एकाच काळ्या कापडात इतक्या बेमालूम गुंडाळल्या होत्या की कुठली कुठे जाते ते गुंडाळणाऱ्यालाही सांगता येईना. सगळं उकललं. आणखी एक दिवस गेला. त्या दिवशीही मोठी पांढऱ्या गाडीतून आली, आणि जिन्यातच ऐकू आलं, "काकू, आणि मग ना, मग तो रडलाच." दाराशी येईपर्यंत गोष्ट संपली होती. कोण रडला ते तिला आजतागायत कळलेलं नाही.

गाडी घरी आली आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी दार वाजवलं. सेक्रेटरी म्हणजे अत्यंत सज्जन गृहस्थ. नियम मोडला जाईल या काळजीने त्यांना झोप यायची नाही आणि जागेपणी ते नवे नियम करायचे.

"तुमच्या गाडीचं कळलं," ते खुर्चीच्या काठावर बसत म्हणाले. "आमचं म्हणणं इतकंच. इंजिन चालू, आत माणूस नाही. मग त्या क्षणी ती गाडी कोणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या," ती म्हणाली. "मी वरून बघत असते."

"पण तुम्ही वर आहात."

"समोरच्या वहिनींची चालते ना तशीच."

"त्यांचं कंपनीतूनच आलेलं आहे," सेक्रेटरी आदराने म्हणाले. "ते कंपनीने बघितलेलं आहे. तुमचं बाहेरून बसवलेलं."

बाहेरून बसवलेलं. जणू वहिनींची गाडी जन्मतःच खानदानी आणि हिची दत्तक आणलेली. तिचं डोकं भणाणलं, पण तोंडाने ती म्हणाली, "चहा घ्याल का?"

रीतसर अर्ज झाला. रीतसर कमिटी बसली. परवानगी मिळाली, एका अटीवर: अशी गाडी चालू असेल तोवर घरातल्या एका जबाबदार व्यक्तीने तिच्यावर सतत नजर ठेवली पाहिजे. अट वाजवी होती. अडचण एवढीच, की नजर ठेवायला खिडकीत उभं राहावं लागे आणि गाडीत बसायला खाली यावं लागे, आणि खिडकीतून खाली येईपर्यंतचा जो जिना होता त्यातून गाडी दिसत नव्हती. घरातली दुसरी व्यक्ती धाकटा. त्याची नजर चांगली होती, पण तो अजून पालथाच पडायला शिकत होता.

ही अडचण तळमजल्यावरच्या काकांनी सोडवली. काका निवृत्त झाल्यापासून जबाबदारीच्या शोधातच होते. "मी बसतो खुर्ची टाकून, सूनबाई," ते म्हणाले. "तू बटण दाब. काही कमी-जास्त झालं तर मी ओरडतो." सेक्रेटरींनी 'घरातल्या' या शब्दावर थोडी कुरकुर केली, पण काका त्यांना बुद्धिबळात हरू द्यायचे नाहीत, म्हणजे स्वतः हरायचे, त्यामुळे तेही मिटलं.

राहिली ती गाडीची शिस्त. आता वायरमनने सांगितलेल्या पायऱ्या कागदावर फार सोप्या आहेत, पण त्या लहान मुलं नसलेल्या माणसाने शोधून काढल्या असाव्यात. संध्याकाळी चौघं बाहेरून आली की नवरा गाडी उभी करायचा. न्यूट्रल, हॅन्डब्रेक, रिमोट, चावी. इंजिन घुरघुरत राहायचं. "सगळे उतरा," तो हलक्या आवाजात म्हणायचा, मोठ्याने बोललं तर गाडीला संशय येईल असा. सगळे उतरायचे. दारं लागायची. बटण. इंजिन बंद. चौघं जिन्याकडे निघायची.

"माझी बाटली," मोठी म्हणायची.

दार उघडायचं. बाटली निघायची. गाडी सगळं विसरायची.

पुन्हा आत बसा, पुन्हा चालू करा, पुन्हा न्यूट्रल. सगळे उतरा. दारं. बटण. या खेपेला धाकट्याचा एक मोजा. मग दप्तर. मग, काहीच राहिलं नाही याची खात्री करायला म्हणून नवऱ्यानेच दार उघडून आत बघितलं. तो तसाच वाकलेला राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "माझंच चुकलं." लग्नानंतर हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं आणि ते तिला नाही, गाडीला उद्देशून होतं.

अखेर एकदा जमलं. दारं बंद, आत काही नाही, गाडीला सगळं आठवतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खिडकीतून बटण दाबलं.

काही झालं नाही. खाली खुर्चीवर बसलेल्या काकांनी वर बघून हात हलवला.

तिने हात लांब करून दाबलं. खिडकीबाहेर काढून दाबलं. स्टुलावर चढून दाबलं.

"सूनबाई, हनुवटीला लाव," खालून काका ओरडले.

"काय?"

"रिमोट. हनुवटीला टेकव आणि दाब. माझा भाचा तसंच करतो. अंगातून जोर जातो."

असल्या गोष्टी करण्याआधी माणूस कोणी बघत नाही ना हे बघतो. तिनेही बघितलं. दुसऱ्या मजल्यावरून दोघी बघत होत्या, समोरच्या इमारतीतून एक, आणि वहिनी नुकत्याच जिन्यातून बाहेर पडल्या होत्या, हात पर्समध्ये. टुक-टुक. पांढरी सुरू. वहिनींनी वर बघितलं. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत, स्टुलावर, एका हातात मूल आणि दुसऱ्या हाताने हनुवटीला रिमोट लावलेली शेजारीण. वहिनी गोड हसल्या. तिनेही हसायचा प्रयत्न केला, पण हनुवटी कामात होती.

टुक-टुक.

काकांचं खरं निघालं. विटकरी गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. धाकट्याला कडेवर घेऊन, केस सारखे न करताच ती जिना उतरली. खाली काका सावधान उभे होते. गाडीच्या आत एसी सोसाट्याने वाहत होता. मोठीने एसीच्या जाळीला हौसेने एक लाल रिबीन बांधून ठेवली होती, ती आत फडफडत होती.

तिने पर्समध्ये हात घातला. रुमाल, धाकट्याची चोखणी, अर्धं बिस्किट, रिमोट. चावी नव्हती.

रिमोटने गाडी चालू होत होती. दार मात्र चावीनेच उघडत होतं. एक चावी गाडीच्या पोटात काळ्या कापडात नीट गुंडाळलेली होती. आणि दुसरी, काल संध्याकाळी सगळी शिस्त पाळल्यावर नवऱ्याने स्वतःच्या खिशात टाकली होती. तो खिसा आज सकाळी बसने ऑफिसला गेला होता.

उन्हात ती आपल्याच गाडीच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत सुरेख गार होतं. ते दिसत होतं. धाकट्याने काचेवर हात ठेवला, काच त्याला गार लागली, तो खूश झाला आणि आत जायचंय म्हणून रडू लागला.

पांढरी गाडी हळूच शेजारी आली. काच खाली झाली आणि गार वाऱ्याची झुळूक तिच्या घामेजल्या गळ्याला लागली.

"काय झालं हो?" वहिनी म्हणाल्या.

"काही नाही."

"मग उभ्या का?"

"बघतेय," ती म्हणाली. "कशी चालतेय ते."

वहिनींनी विटकरी गाडीकडे बघितलं, फडफडणाऱ्या रिबिनीकडे बघितलं, तिच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. त्या शहाण्या होत्या. त्यांनी चावीचा उल्लेख केला नाही, आणि तोच तिला फार लागला. "या ना मग," त्या म्हणाल्या. "बाळालाही घ्या. सगळेच जाऊ."

"नको. यावर नजर ठेवायचीय. कमिटीची अट आहे."

पांढरी गाडी निघून गेली. काका म्हणाले, "नजर तर मी ठेवतोच आहे, सूनबाई." त्यांना त्या क्षणी तिने जे म्हटलं नाही, ते न म्हणण्यात तिची सगळी संस्कृती खर्च झाली. तिने बटण दाबून गाडी बंद केली आणि नवऱ्याला फोन लावला.

"खिळ्यावरची घे," तो म्हणाला.

"ती पोटात आहे."



मग तिसरी चावी करायचं ठरलं. गाडीच्या कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, करून देऊ, पण नियमाप्रमाणे आधीच्या सगळ्या चाव्या समोर ठेवाव्या लागतील. म्हणजे तिसरी चावी मिळवायची तर दुसरी चावी पोटातून काढायची, म्हणजे डॅशबोर्ड उघडायचा, म्हणजे ते काळं कापड पुन्हा उकलायचं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिलाच दया आली. "राहू दे," ती म्हणाली. उरलेल्या चावीत तिने एक दोरी ओवली आणि गळ्यात घातली. तेव्हापासून ती आंघोळीलाही गळ्यातच असायची. नवऱ्याला हवी असेल तेव्हा तो मान वाकवून मागायचा.

आणि मग एका दुपारी सगळं जुळून आलं. सकाळी मोठीची वेणी घालताना तिने सांगितलं, "आज मी येणार आहे न्यायला."

"धाकटा रडेल."

"नाही रडणार. आपली गाडीही आता गार होते."

"काकूंच्यासारखी?"

"काकूंच्यासारखी," ती म्हणाली. वेणी जरा घट्ट ओढली गेली.

शाळेसमोर तिने गाडी वहिनींच्या गाडीच्या मागेच लावली. न्यूट्रल, हॅन्डब्रेक, रिमोट, चावी. धाकट्याला घेऊन उतरली, दार लावलं, बटण दाबलं, इंजिन बंद. त्याच क्षणी धाकट्याला आठवलं की त्याचं रबरी बदक आतच राहिलं. तो ओरडला. तो भयंकर ओरडला. फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्या आया वळून बघू लागल्या. तिने दार उघडलं नाही. बदक सीटवरून तिच्याकडे बघत होतं, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

घंटा झाली. वहिनींचा हात पर्समध्ये गेला. हिने चारचौघांत, मान ताठ ठेवून, रिमोट हनुवटीला लावला. टुक-टुक. टुक-टुक. दोन्ही गाड्या एकामागोमाग एक चालू झाल्या, आणि रस्त्याच्या कडेला त्या दोघी अशा उभ्या राहिल्या, की अनोळखी माणसाला वाटावं, फार जुन्या मैत्रिणी आहेत.

"अरे वा," वहिनी म्हणाल्या. "झालं वाटतं नीट."

"हो. एकही वायर दिसत नाही."

मुलं आली. वहिनींचा मुलगा आला, आईकडे न बघता मागच्या सीटवर गेला आणि पुस्तक उघडून बसला. हा मुलगा घरी पोचेपर्यंत तोंड उघडत नाही आणि घरी पोचल्यावरही उघडेलच असं नाही, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. वहिनींनी त्याच्या बाजूचं दार लावलं. दुसऱ्या बाजूचं रोज मोठीसाठी उघडायच्या, ते त्यांनी आजही उघडलं आणि धरून ठेवलं.

मोठी धावत येत होती. लांबूनच दिसत होतं, आज तिच्याजवळ पुष्कळ काही होतं. गाल फुगले होते, डोळे मोठे झाले होते, तोंडातलं सांडू नये म्हणून ओठ दाबून धरले होते. हे तोंड आईच्या ओळखीचं होतं. हे तोंड तिने कितीतरी दिवसांत भरलेलं बघितलं नव्हतं. तिने गळ्यातल्या चावीने विटकरी गाडीचं दार उघडलं. आतून गार हवेचा लोट आला. धाकट्याला त्याचं बदक मिळालं आणि तो ओरडता ओरडता मध्येच गप्प झाला.

मोठी दोन गाड्यांच्या मध्ये येऊन थांबली. खाऊचे दोन वाटे करताना ती जशी डोळा मिटून मापायची, तशी तिने आधी हात लांब करून पांढऱ्या गाडीच्या आतली हवा चाचपली. मग इकडे येऊन विटकरीत हात घातला. रिबीन तिच्या मनगटावर फडफडली. ती पुन्हा पांढरीकडे गेली, पुन्हा परत आली. अन्याय होऊ नये म्हणून तिने दोन्हीकडे दुसरा हातही घालून बघितला.

वहिनी दार धरून उभ्या होत्या. ती दार धरून उभी होती. दोघींचं लक्ष त्या फुगलेल्या गालांकडे होतं.

"दोन्ही गार आहेत," मोठीने निकाल दिला. मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली आणि तिने मान वर करून, अगदी मनापासून विचारलं, "आई, मग मी आता कोणत्या गाडीत बसायचं?"